आईसाठी घेतलेला ओबामाकेअरचा सिल्व्हर प्लॅन, तीन वर्षं वापरून

आईबाबांचं ग्रीन कार्ड झालंय पण वय पासष्टच्या पुढे, मग इन्शुरन्सचं काय करायचं, हे आमच्या इथे कॅरीत, नॉर्थ कॅरोलिनात, मराठी मंडळाच्या दिवाळीला दरवर्षी कोणीतरी विचारतंच आणि दरवर्षी मी फराळाची प्लेट हातात धरून अर्धा तास तेच सांगत असते, म्हणून आता एकदा नीट बसून लिहिते. लांबणार आहे. कारण या प्लॅनबद्दल लिहायचं तर त्यावरून इथे जी भांडणं होतात, पक्षांची आणि त्यात घुसलेल्या काळ्या-गोऱ्याची, तीही लिहावी लागतात, नुसते प्रीमियमचे आकडे देऊन भागत नाही.

आधी आमचं सांगते. २०२२ च्या शेवटी नवऱ्याची नोकरी गेली आणि त्याच सुमाराला आई नाशिकहून ग्रीन कार्डवर आली. आई ६७ ची, पंधरा वर्षं शुगर, वर बीपीची गोळी. मी पार्ट टाइम करते, तिथे इन्शुरन्स नाही. नवऱ्याने मग स्वतःचं कन्सल्टिंग चालू केलं. म्हणजे आम्ही दोघं, मुलगा आणि आई, चौघांनाही मार्केटप्लेसवरूनच, म्हणजे ओबामाकेअरच्या सरकारी विमा-बाजारातूनच घ्यायचं होतं. घेतला सिल्व्हर प्लॅन, जानेवारी २०२३ पासून.

बऱ्याच जणांना वाटतं पासष्ट झाले की मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मिळतंच. तसं नाहीये. इथे नोकरी करून टॅक्स भरलेला नसेल तर आधी सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं, मग महिन्याला पैसे भरून मेडिकेअर घेता येतं. ती पाच वर्षं काढायची कशी हाच तर प्रश्न असतो. आईबाबा सहा महिने येतात तेव्हा आपण व्हिजिटर इन्शुरन्स काढतो पण त्यात आधीपासूनचे आजार बहुतेक धरतच नाहीत, आणि आपल्या आईबाबांना काही झालं तर ते त्या जुन्या शुगर-बीपीतूनच होणार ना. ओबामाकेअर, म्हणजे कायद्याचं खरं नाव अफोर्डेबल केअर ॲक्ट, त्यात कंपनीला जुना आजार बघून नाही म्हणता येत नाही आणि शुगर आहे म्हणून प्रीमियमही वाढवता येत नाही. वयाप्रमाणे वाढतो, पण म्हाताऱ्या माणसाला तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त लावता येत नाही. हे नियम २०१४ पासून आलेत, त्याआधी आईसारख्या बाईला स्वतःहून पॉलिसी काढायला गेलं तर फॉर्मवर शुगर लिहिली की बहुतेक कंपन्या सरळ परत पाठवायच्या.

हेल्थकेअर डॉट गव्ह या साइटची २०१३ मध्ये फार बदनामी झाली होती, १ ऑक्टोबरला सुरू झाली आणि लगेच कोसळली, पहिल्या दिवशी अख्ख्या देशातून सहाच जणांचं काम पूर्ण झालं होतं. आता तसं काही नाही, आमचं एका संध्याकाळी झालं. ग्रीन कार्डचा नंबर, सोशल सिक्युरिटी, वर्षाचं अंदाजे उत्पन्न, बस. नुकतं ग्रीन कार्ड मिळालेल्यांना ओपन एन्रोलमेंटची, म्हणजे दरवर्षीच्या ठरावीक नोंदणीच्या दिवसांची, वाट बघावी लागत नाही, साठ दिवसांची वेगळी खिडकी मिळते, ती मात्र चुकवू नका. ब्रॉन्झ म्हणजे सरासरी ६० टक्के खर्च प्लॅन उचलणार, सिल्व्हर ७०, गोल्ड ८०, प्लॅटिनम ९०. उत्पन्न कमी असेल तर सिल्व्हरच घ्या, कारण डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम) आणि कोपे (दर भेटीला भरायचे पैसे) कमी करून मिळण्याची सोय फक्त सिल्व्हरवर आहे.

आता खरी परीक्षा. २०२४ च्या मार्चमध्ये आईला रात्री छातीत दुखायला लागलं, ती म्हणत होती ॲसिडिटी आहे, जिरं चावून झोपते. आम्ही ऐकलं नाही, नेलं. दोन ब्लॉक निघाले, स्टेंट टाकले, चार दिवस ठेवलं. महिन्याभराने हॉस्पिटलचं बिल आलं ते १ लाख ४० हजार डॉलरच्या पुढचं, मी ते किचनच्या टेबलावर उलटं करून ठेवलं कारण आईने बघितलं असतं तर ती परत नाशिकला जायची भाषा करायला लागली असती. पण कायद्याप्रमाणे वर्षाला एका माणसाने खिशातून जास्तीत जास्त किती भरायचे याला मर्यादा आहे, २०२४ ला ती ९,४५० डॉलर होती. आम्ही तेवढे भरले, हप्त्याने भरले, आणि पुढचं सगळं, रिहॅब, गोळ्या, तपासण्या, डिसेंबरपर्यंत शून्य. ९,४५० ही काही छोटी रक्कम नाही, आमची पुण्याच्या फ्लॅटसाठी ठेवलेली एफडी मोडली. पण घर गेलं नाही. एवढं एक मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन, या कायद्याने आमचं घर वाचवलं.

तक्रारी आहेत आणि त्या कायद्यापेक्षा विमा कंपनीबद्दल आहेत, कंपनीचं नाव घेत नाही. त्यांच्या यादीत नेटवर्कमधले, म्हणजे कंपनीशी करार असलेले, म्हणून जे हार्टचे डॉक्टर होते त्यातल्या पाच जणांना मी फोन केले, एकजण ते गावच सोडून गेलेला, दोघं हा प्लॅन घेतच नाहीत, एकाची अपॉइंटमेंट चार महिन्यांनी. म्हातारी बाई स्टेंट टाकून घरी आलीय आणि चार महिने थांबा? शेवटी पस्तीस मैलांवरचा मिळाला. मग रिहॅबच्या बारा सेशननंतर कंपनीचं पत्र की पुढचं गरजेचं वाटत नाही. इथे एक लक्षात ठेवा, नकाराचं पत्र आलं म्हणून गप्प बसायचं नाही. १८० दिवसांत अपील करता येतं आणि कंपनीने परत नाही म्हटलं तर बाहेरच्या तटस्थ माणसाकडून तपासून घ्यायचा हक्क या कायद्यानेच दिलाय. आम्ही डॉक्टरचं पत्र जोडून अपील केलं आणि पहिल्याच फेरीत मंजूर झालं. बहुतेक लोक अपील करतच नाहीत, इंग्रजीतलं ते दोन पानी पत्र बघूनच सोडून देतात.

हे अपीलचं मला कोणी शिकवलं तर आमच्या शेजारणीने. काळ्या आहेत, सत्तरीच्या पुढच्या, आयुष्यभर नर्स होत्या, आई त्यांना नर्सताई म्हणते. आई हॉस्पिटलमधून आल्यावर पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी येऊन बीपी बघायच्या, आईला इंग्रजी जेमतेम आणि त्यांना मराठीचा एक शब्द नाही पण दोघींचं चाललेलं असायचं काहीतरी.

त्याच वर्षी गणपतीला एकांच्या घरी जेवायला गेलो होतो. आईची चौकशी झाली, मी प्लॅनचं सांगितलं, तर एकजण पंगतीत म्हणाले की हो पण हे ओबामाकेअर म्हणजे आपल्या टॅक्सवर त्या लोकांना फुकट. मी विचारलं कुठल्या लोकांना. ते म्हणाले अहो तुम्हाला माहितीये कुठल्या. मला माहिती होतं आणि म्हणूनच घास उतरेना, कारण ज्या प्लॅनवर सरकारची सबसिडी घेऊन माझी आई जिवंत बसली होती, त्याच प्लॅनबद्दल ते बोलत होते, आणि माझी आई त्यांच्या हिशेबात त्या लोकांत नव्हती. आईचा इथल्या टॅक्समध्ये एक डॉलर नाही. नर्सताईंनी चाळीस वर्षं भरलाय.

मी घरी आल्यावर नर्सताईंना हे सांगितलं नाही, लाज वाटली. पण काही दिवसांनी विषय निघालाच आणि त्यांनी ग्रीन्सबरोचं सांगितलं. त्या तिथल्या, इथून सत्तर-एक मैल. लहानपणी तिथे काळ्यांसाठी एल. रिचर्डसन मेमोरियल हे एकच हॉस्पिटल होतं, गोऱ्यांची दोन मोठी, मोझेस कोन आणि वेस्ली लाँग, ती वेगळी. आणि ही दोन्ही सरकारच्या पैशाने वाढलेली, हिल-बर्टन नावाचा १९४६ चा कायदा होता त्यातून, ज्यात वेगवेगळी पण सारखी सोय असली तर भेदभाव चालेल असं चक्क लिहिलेलं होतं. १९६२ मध्ये जॉर्ज सिमकिन्स नावाच्या काळ्या डेंटिस्टचा एक पेशंट, दाढेला गळू, ताप, त्याला गोऱ्यांच्या हॉस्पिटलांनी घेतलं नाही. सिमकिन्सनी बाकीच्या डॉक्टरांना आणि पेशंटना घेऊन कोर्टात केस टाकली आणि १९६३ मध्ये अपील कोर्टात जिंकले, सरकारी पैसा घेता मग भेदभाव करता येणार नाही. २०१६ मध्ये मोझेस कोनने त्या खटल्यातल्या शेवटच्या हयात डॉक्टरांची, अल्विन ब्लाउंट यांची, माफी मागितली. त्रेपन्न वर्षांनी. आणि १९६६ मध्ये मेडिकेअर सुरू झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारने अट घातली की काळ्यांना वेगळं ठेवाल तर मेडिकेअरचे पैसे नाहीत, आणि हजाराच्या आसपास हॉस्पिटलांनी काही महिन्यांत काळ्या-गोऱ्यांची वेगळी व्यवस्था बंद केली. नर्सताई ट्रेनिंगला गेल्या त्या नंतर थोड्याच वर्षांनी, म्हणाल्या त्यांच्या आईला ज्या दारातून आत घेतलं नसतं त्या दारातून त्या ड्यूटीला जायच्या.

म्हणून इथे आरोग्याच्या कायद्याचं भांडण निघालं की त्यात रंग येतो, तो कोणी मुद्दाम आणला म्हणून येतो असं नाही, तो आधीपासून आहेच तिथे. २००९ मधलं बघा. ९ सप्टेंबरला ओबामा संसदेच्या संयुक्त सभेत या कायद्यावर बोलत होते, म्हणाले बेकायदेशीर राहणाऱ्यांना यात काही मिळणार नाही, तर शेजारच्या साउथ कॅरोलिनाचे खासदार जो विल्सन भर सभेत ओरडले, तुम्ही खोटं बोलताय. विल्सननी माफी मागितली, हाउसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, २४० विरुद्ध १७९ मतांनी निषेधाचा ठराव केला. मग माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर म्हणाले की ओबामांवरच्या या टोकाच्या रागातला बराच भाग ते काळे आहेत म्हणून आहे. कार्टर स्वतः जॉर्जियाचे, शेंगांच्या शेतीवर वाढलेले, त्यांनी आपल्या लोकांबद्दल बोलायचं धाडस केलं. पण व्हाइट हाउसनेच हात झटकले, राष्ट्राध्यक्षांना तसं वाटत नाही म्हणून, आणि रिपब्लिकन पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष मायकल स्टील, स्वतः काळे, ते म्हणाले कार्टर साफ चुकीचं बोलतायत. पुढच्या मार्चमध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी काळे खासदार जॉन लुइस, ज्यांचं डोकं १९६५ मध्ये काळ्यांच्या मतदान हक्काच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांनी फोडलं होतं, ते संसदेकडे चालत जाताना निदर्शकांनी त्यांना वंशवाचक शिवी दिली असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं. विरोधी बाजू म्हणाली व्हिडिओ दाखवा. २१ मार्च २०१० ला २१९ विरुद्ध २१२ ने कायदा पास, एकही रिपब्लिकन मत नाही. २३ ला सही.

माझं मत विचाराल तर विरोध करणारा प्रत्येक जण वंशद्वेषी होता हे मला पटत नाही. आमच्या घराचं छत करून गेले ते गोरे गृहस्थ, स्वतःचा धंदा, तीन माणसं कामाला, ते ओबामाकेअरचं नाव काढलं तरी चिडतात आणि त्यांचं ऐकून घेतलं तर चूक वाटत नाही. २०१४ च्या आधी त्यांची एक स्वस्त पॉलिसी होती, ती कायद्याच्या अटीत बसत नाही म्हणून बंद झाली, आणि ओबामा तर म्हणाले होते की आवडत असेल तर तुमचा प्लॅन तुम्ही ठेवू शकाल. उत्पन्न सबसिडीच्या मर्यादेच्या थोडं वर, म्हणून २०२१ मध्ये नियम बदलेपर्यंत पूर्ण प्रीमियम खिशातून, आणि डिडक्टिबल इतकं मोठं की साधं डॉक्टरकडे गेलं तर काहीच मिळत नाही. या माणसाला तुम्ही वंशद्वेषी म्हणालात तर तो पुढचं काही ऐकणारच नाही, आणि त्याचा राग खरा आहे, पैशाचा आहे.

पण रंगाचा काही संबंधच नाही असंही म्हणू नका. २०१३ मध्ये सीएनबीसीने लोकांना विचारलं, अर्ध्यांना ओबामाकेअर म्हणून आणि अर्ध्यांना अफोर्डेबल केअर ॲक्ट म्हणून. ओबामाकेअरला विरोध ४६ टक्के, अफोर्डेबल केअर ॲक्टला ३७. कायदा एकच! आता नावातला फरक हा पक्षाचाही असू शकतो, नुसता रंगाचा नाही, हे मान्य. पण मायकल टेस्लर नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने हेच नीट वेगळं करून बघितलं, तेच प्रस्ताव एका गटाला ओबामांचे म्हणून सांगितले आणि दुसऱ्याला आधीचे गोरे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचे म्हणून, तर ओबामांचं नाव लागलं की लोकांच्या मनातला काळ्यांबद्दलचा आकस त्यांच्या मतात जास्त उतरलेला दिसला. ओरडणाऱ्या एका माणसाच्या मनात काय होतं ते कोणीच सिद्ध करू शकत नाही, पण हजारो लोकांच्या उत्तरांत ते दिसतं, मला हे जास्त पटतं.

आणि भोगतं कोण? २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गरिबांसाठीचं मेडिकेड वाढवायचं की नाही ते प्रत्येक राज्याने ठरवावं. नाही म्हणणाऱ्यांत दक्षिण जवळपास अख्खी. आपल्याकडच्या लोकांना हे सांगितलं पाहिजे की नाही म्हणणाऱ्या गव्हर्नरांत लुइझियानाचे बॉबी जिंदाल आणि साउथ कॅरोलिनाच्या निकी हेली हे दोघं भारतीय घरातले होते, म्हणजे हा नुसता गोऱ्या-काळ्यांचा हिशेब म्हणून सुटत नाही. आमच्या नॉर्थ कॅरोलिनाने २०१३ मध्ये कायदाच करून दार बंद केलं, मग राज्याच्या सिनेटचे रिपब्लिकन नेते फिल बर्जर, ज्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, त्यांनीच २०२२ मध्ये मत बदललं, आणि १ डिसेंबर २०२३ पासून मेडिकेड वाढलं. वर्षभरात सहा लाखांच्या वर लोक आले. त्यात डोंगराळ भागातले गोरे भरपूर आहेत, रेस्टॉरंटमध्ये, शेतात, डे केअरमध्ये काम करणारे. दहा वर्षं हे सगळे थांबले होते.

आता २०२६ चं, कारण नवीन घेणाऱ्यांना तेच लागणार. २०२१ पासून सबसिडी वाढवली होती, उत्पन्न कितीही असो, ठरावीक सिल्व्हर प्लॅनसाठी उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांच्या वर भरावं लागत नव्हतं. ती सोय २०२५ च्या डिसेंबरअखेर संपली. त्यावरूनच आधी, १ ऑक्टोबर २०२५ पासून, सरकार ४३ दिवस बंद होतं, आणि त्या भांडणात पुन्हा तेच, २००९ चंच, की डेमोक्रॅट बेकायदेशीर लोकांना फुकट इलाज देतायत, खरं तर त्या लोकांना या मार्केटप्लेसवर पूर्ण पैसे भरूनसुद्धा प्लॅन घेता येत नाही. ट्रम्प यांनी एक बनावट व्हिडिओ टाकला ज्यात हाउसमधले डेमोक्रॅट नेते हकीम जेफ्रीज, जे काळे आहेत, त्यांना मेक्सिकन टोपी आणि मिश्या लावलेल्या. जेफ्रीज म्हणाले हा वंशद्वेष आहे, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स म्हणाले गंमत आहे. आठवडाभर टीव्हीवर टोपी, टोपी, टोपी. मी दर संध्याकाळी लावून बसायचे की आमच्या प्रीमियमचं काय होणार ते कोणीतरी सांगेल, नाही सांगितलं.

मी सांगते. चार जणांच्या घराला वर्षाला १,२८,६०० डॉलर उत्पन्न ही २०२६ ची रेषा आहे, त्याच्या वर एक डॉलर गेला की सबसिडी शून्य. नवऱ्याचं काम जरा बरं चाललं म्हणून आम्ही थोडे वर गेलो. महिन्याला साडेनऊशे भरत होतो, तोच प्लॅन आता तीन हजारांच्या पुढे. मग काय केलं तर आईला सिल्व्हरवर ठेवलं आणि आम्ही तिघं ब्रॉन्झवर गेलो, एका घरातल्यांनी एकच प्लॅन घ्यायला पाहिजे असं नाही हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. तरीही परवडत नाहीये, बघू किती महिने निघतात. स्वतःचा धंदा असेल तर रिटायरमेंट खात्यात टाकलेल्या पैशाने हे उत्पन्न कमी दाखवता येतं, कायदेशीर आहे, सीएला आधीच विचारा, आम्ही उशिरा विचारलं.

रेटिंग द्यायचं तर कायद्याला पाचपैकी चार, आमच्या विमा कंपनीला दोन. ग्रीन कार्डवर आलेल्या आईबाबांसाठी घ्याच, याच्याइतकं दुसरं काही नाही.

डिसेंबरात नर्सताई एक दिवस लॅपटॉप घेऊन आल्या, त्यांच्या भाच्याचा फॉर्म भरायचा होता. तो साउथ कॅरोलिनात स्पार्टनबर्गला राहतो, एकटा, गोदामात मिळतील तितके तास काम करतो, वर्षाचे तेरा हजार होतात. भरला. उत्तर आलं की सबसिडीसाठी उत्पन्न कमी पडतंय, १५,६५० तरी पाहिजे, आणि त्या राज्यात मेडिकेड त्याच्यासारख्याला नाही. आई शेजारी बसून भाजी निवडत होती, तिने विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती म्हणाली, अगं कमी मिळवतो म्हणून मदत नाही, असं कसं, तू परत भर, काहीतरी चुकलं असेल तुझं. मी तिच्या समाधानासाठी परत भरला, तेच उत्तर. तो आता आमच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला खोली बघतोय, सव्वा तासावर, पण राज्याची हद्द ओलांडली की त्याच पगारावर त्याला मेडिकेड मिळतं. नर्सताईंनी डिपॉझिटचे पैसे पाठवलेत.